दाढीवाल्या सरड्याची पिल्ले : निवारा आणि आहार

गाई-म्हशी, शेळ्या आणि कोंबड्या हे शेतकऱ्याच्या घरातले प्राणी. आज आम्ही एका परदेशी पाहुण्याविषयी लिहीत आहोत. त्याला इंग्रजीत ‘बिअर्डेड ड्रॅगन’ म्हणतात. आपण त्याला दाढीवाला सरडा म्हणू. मोठ्या शहरांत हौशी लोक याची पिल्ले पाळतात. मोबाईलवर त्यांची चित्रे पाहून आपल्या बऱ्हाणपूर भागातील मुलेही आईवडिलांजवळ हट्ट धरू लागली तर नवल नाही.

हट्ट पुरवावा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. पण पिल्लू घरात आणण्यापूर्वी त्याला काय लागते ते माहीत असावे. पाळलेल्या सरड्यांच्या आजारांपैकी बरेचसे आजार बाहेरून येत नाहीत. चुकीची ऊब, उजेडाची उणीव आणि चुकीचे खाणे यांतून ते घरातच तयार होतात. शिवाय घरात तान्हे मूल असेल तर त्याच्या आरोग्याचाही प्रश्न येतो. म्हणून या विषयाचा आपण क्रमाने विचार करू.

हा प्राणी कोण?

या सरड्याचे मूळ घर ऑस्ट्रेलियाच्या पूर्व व मध्य भागातील कोरडा, उष्ण प्रदेश. त्याचे शास्त्रीय नाव पोगोना विटिसेप्स असून त्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम १९२६ साली झाले. आपल्या कुंपणावरचा सरडा आणि हा, दोघेही एकाच कुळातले आहेत. याच्या गळ्याखाली मऊ काट्यांची झालर असते. भ्याला किंवा रागावला की तो ती फुगवतो आणि ती काळी पडते. तीच त्याची दाढी.

अंड्यातून निघालेले पिल्लू सुमारे १० सेंटीमीटर लांब आणि दोन-तीन ग्रॅम वजनाचे असते. एका वर्षात ते जवळजवळ पूर्ण वाढते. मोठा सरडा शेपटीसह ४५ ते ६० सेंटीमीटर भरतो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांच्या आसपास जगतो. म्हणजे आज पाचवीत असलेला मुलगा कॉलेजात जाईपर्यंत हा प्राणी घरात राहणार, हे धरून चालावे.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत

ही म्हण आपण माणसाची झेप किती तोकडी आहे, हे दाखवण्यासाठी वापरतो. पण सरडा कुंपणाकडेच का धावतो, याचा विचार आपण करीत नाही. कुंपणावर सकाळचे ऊन मिळते. ऊन जास्त झाले की कुंपणाच्या आत सावली मिळते. तेथेच किडे मिळतात आणि ससाणा किंवा मांजर आले तर लपायला फट मिळते. सरड्याला लागणाऱ्या सर्व गोष्टी एका धावेत मिळतात, म्हणून त्याची धाव तेथे संपते.

सरड्याच्या शरीरात आपल्यासारखी ऊब तयार होत नाही. ती तो बाहेरून घेतो आणि पुरेशी झाली की सावलीत जातो. दिवसभर त्याची ही ये-जा चालू असते. अन्न पचणे, वाढ होणे, रोगाशी झुंजणे, सारे या ये-जा करण्यावर अवलंबून आहे.

कोंबडीच्या पिल्लांवर आपण बल्ब लावतो. गारठली की ती बल्बखाली गोळा होतात आणि उकडले की दूर पांगतात. म्हणून शहाणा पाळणारा त्यांना पांगायला जागा ठेवतो. सरड्याच्या पिल्लाचेही तसेच आहे. फरक एवढाच की कोंबडीच्या पिल्लाला काही आठवड्यांत पिसे येतात आणि बल्ब काढता येतो. सरड्याला मात्र जन्मभर बाहेरची ऊब लागते.

तेव्हा पेटीत ठेवून त्याची धाव आपण बंद केली, तर पेटीतच त्याला कुंपण करून द्यावे लागते. पुढे जे सांगितले आहे ते सर्व या एका गोष्टीसाठी आहे.

पेटी कशी असावी?

१) पिल्लासाठी पेटी निदान ७५ सेंटीमीटर लांब आणि ४५ सेंटीमीटर रुंद असावी. मोठ्या सरड्याला १२० सेंटीमीटर लांब व ६० सेंटीमीटर रुंद पेटी लागते. लाकडी पेटीला पुढे काच आणि हवेसाठी वर किंवा बाजूंना बारीक जाळी असली म्हणजे काम भागते. पेटी लांब हवी, कारण लांबीमुळेच एक बाजू गरम आणि दुसरी थंड ठेवता येते.

२) तळाला जुने वर्तमानपत्र किंवा फरशी घालावी. वाळू दिसायला छान दिसते, पण पिल्लू किड्यावर झडप घालताना वाळू गिळते आणि आतडे अडकते. कागद रोज बदलता येतो आणि विष्ठा कशी आहे तेही कळते.

३) गरम बाजूला चढून बसण्यासाठी एक खडबडीत फांदी किंवा सपाट दगड ठेवावा. दगड हलणार नाही, असा बसवावा. थंड बाजूला लपण्यासाठी अर्धे फुटके मडके पालथे घालावे.

४) एका पेटीत एकच पिल्लू ठेवावे. दोन-तीन पिल्ले एकत्र ठेवली की मोठे पिल्लू लहानाच्या बोटांना आणि शेपटीला चावते. लहान पिल्लू पुढचा एक पाय उचलून हळूहळू हलवते. मुलांना वाटते, ते ‘टाटा’ करीत आहे. खरे म्हणजे ‘मी लहान आहे, मला मारू नको’ असे ते सांगत असते. अशा भ्यालेल्या पिल्लाचे खाणे कमी होते आणि वाढ खुंटते.

ऊब किती द्यावी?

पेटीच्या एका टोकाला वर साधा उष्णता देणारा दिवा लावावा. दिव्याखालच्या दगडाचे तापमान ३८ ते ४२ अंश सेल्सियस असावे. दुसऱ्या टोकाला २५ ते २८ अंश असावे. रात्री सर्व दिवे बंद ठेवावेत. रात्री २० अंशांपर्यंत तापमान उतरले तरी चालते. दिवसाचा उजेड बारा ते चौदा तास असावा.

हाताने चाचपून तापमान कळत नाही. दोन्ही टोकांना एकेक तापमापक हवाच. दिवा थर्मोस्टॅटला जोडला तर अधिक चांगले. दिव्याला जाळीचे आवरण असावे, नाही तर पिल्लू उडी मारून भाजून घेते. खालून तापणारे विजेचे दगड वापरू नयेत. सरड्याला पाठीवरची उष्णता समजते, पोटाखालची लवकर समजत नाही, आणि पोट भाजते.

उबेचे महत्त्व किती आहे, हे एका संशोधनावरून ध्यानात येईल. २०१५ साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की या सरड्याची अंडी ३२ अंशांहून अधिक उष्णतेत उबली, तर जन्माने नर असणारी काही पिल्ले मादी होतात आणि पुढे अंडीही घालतात. ज्या प्राण्याचे नर-मादीपणसुद्धा उबेने बदलते, त्याच्या पिल्लाला ‘चालेल तेवढी ऊब’ देऊन कसे चालेल?

बऱ्हाणपूरचा उन्हाळा आणि पावसाळा

हा प्राणी उष्ण देशातला, तेव्हा आपला उन्हाळा त्याला सोसेल, असे कोणी म्हणेल. हा समज पिल्लाच्या जिवावर बेतेल. ऑस्ट्रेलियातही भर दुपारी हा सरडा उन्हात बसून राहत नाही. तो झुडपात किंवा बिळात शिरतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत पेटीची थंड बाजूही तापते. मग पिल्लाला पळायला जागाच उरत नाही.

म्हणून उन्हाळ्यात पेटी घरातील सर्वांत गार, तळमजल्यावरील खोलीत हलवावी. दुपारी उष्णतेचा दिवा बंद करावा आणि थंड टोकाचा तापमापक पाहत राहावे. दिव्याखाली बसून पिल्लू तोंड उघडते ते शरीर निववण्यासाठी. त्यात काळजीचे कारण नाही. पण थंड बाजूला जाऊनही ते तोंड उघडे ठेवून बसले, तर पेटी फार तापली आहे असे समजावे आणि लगेच उपाय करावा. काचेची पेटी उन्हात तर कधीच ठेवू नये. काही मिनिटांत आतील जीव दगावतो.

पावसाळ्यात उलट अडचण येते. या प्राण्याला कोरडी हवा हवी आणि आपल्याकडे आषाढ-श्रावणात सर्वत्र ओल असते. ओलीत त्याच्या छातीला सर्दी धरते आणि कातडीवर बुरशी येते. पेटीत हवा खेळती ठेवावी, ओला कागद त्वरित बदलावा आणि उरलेला पाला संध्याकाळी काढून टाकावा. हिवाळ्यातील गार रात्री वीज गेली तर पेटीवर गोधडी घालावी, मात्र हवेची जाळी झाकू नये.

हाडांसाठी ऊन

आपल्या मुलांना मुडदूस कसा होतो, हे वाचकांना ठाऊक आहे. ऊन न मिळाल्याने शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही, अन्नातले कॅल्शियम हाडांत जात नाही आणि पाय वाकतात. सरड्याच्या पिल्लालाही असाच आजार होतो आणि तो फार लवकर होतो, कारण ते झपाट्याने वाढत असते. जबडा मऊ पडतो, पाय थरथरतात, पाठीला बाक येतो. एकदा वाकलेले हाड पुन्हा सरळ होत नाही.

उन्हातील अतिनील ‘ब’ किरण या कामी लागतात. घरातील साध्या दिव्यात ते नसतात. खिडकीच्या काचेतून उजेड आणि ऊब आत येते, पण हे किरण काच अडवते. म्हणून ‘पेटी खिडकीत ठेवली आहे’ एवढ्याने भागत नाही. सरड्यांसाठी मिळणारी अतिनील ‘ब’ किरणांची नळी पेटीच्या लांबीच्या निम्म्याहून अधिक भागावर लावावी. ती दिसायला चालू असली तरी तिचे किरण हळूहळू क्षीण होतात. तेव्हा बनवणाऱ्याने सांगितलेल्या मुदतीत, सहसा सहा ते बारा महिन्यांत, ती बदलावी.

आपल्याकडे ऊन फुकट आहे, त्याचाही उपयोग करावा. हिवाळ्यात सकाळचे कोवळे ऊन पसरले की पिल्लाला जाळीच्या पिंजऱ्यात अर्धा तास बाहेर ठेवावे. पिंजऱ्याचा अर्धा भाग सावलीत असावा आणि कोणीतरी जवळ बसावे. मांजर आणि कावळे टपलेलेच असतात.

आहार

पिल्लाच्या आहारात सुमारे तीन भाग किडे आणि एक भाग पाला असावा. मोठेपणी हे प्रमाण उलटते. पहिल्या तीन महिन्यांत दिवसातून दोन ते तीन वेळा किडे द्यावेत. दहा-पंधरा मिनिटांत जेवढे खाईल तेवढेच द्यावे आणि उरलेले उचलून घ्यावेत. राहिलेले किडे रात्री झोपलेल्या पिल्लालाच कुरतडतात.

किडा केवढा असावा, याचे माप सोपे आहे. पिल्लाच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढे अंतर असेल त्याहून मोठा किडा देऊ नये. मोठा किडा पचत नाही आणि त्यामुळे मागचे पाय लुळे पडल्याचीही उदाहरणे आहेत.

किड्यांत रातकिडे उत्तम. ते घरी वाढवता येतात. झाकणाला जाळी लावलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे ठेवावेत. खायला गव्हाचा कोंडा आणि गाजराचे तुकडे द्यावेत. ओल्या मातीची एक वाटी ठेवली की माद्या तिच्यात अंडी घालतात. किड्याने जे खाल्ले तेच पिल्लाच्या पोटात जाते. म्हणून किड्यांनाही आदल्या दिवशी चांगले खाऊ घालावे. मिलवर्म नावाच्या अळीची कातडी कडक असते, ती अगदी लहान पिल्लांना देऊ नये.

शेतातून नाकतोडे धरून आणू नयेत. आपल्याकडे कपाशीवर आणि केळीवर औषधे फवारली जातात. ते विष किड्यातून पिल्लाच्या पोटात जाईल. घरातल्या झुरळांचेही तसेच. आणखी एक गोष्ट मुलांना बजावून सांगावी. पावसाळ्याच्या तोंडाला सातपुड्यात काजवे चमकतात. ते पिल्लाला कधीही देऊ नयेत. अमेरिकेत काजवे खाऊन हे सरडे मेल्याची नोंद आहे.

दिवसातून एकदा किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरावी. डब्यात किडे आणि चिमूटभर पूड घालून हलवले की झाले. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारी जीवनसत्त्वांची पूड आठवड्यातून एकदा पुरे. तीही फार झाली तर अपायच करते.

पाला रोज सकाळी बारीक चिरून ठेवावा. पिल्लू सुरुवातीला त्याकडे पाहणारही नाही, तरी ठेवावा. हळूहळू सवय होते. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, जास्वंदीची पाने व फुले आणि किसलेला लाल भोपळा आलटून पालटून द्यावा. पालक, माठ आणि चुका क्वचितच द्यावा, कारण त्यांतील ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवते. अळूची पाने देऊ नयेत. ॲव्होकॅडो हे फळ विषारी ठरते.

आपण केळीच्या मुलखात राहतो, म्हणून केळ्याविषयीही सांगतो. केळ्यात साखर फार आणि कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस अधिक. पिल्लाला ते आवडते, पण कधीतरी एखादा लहानसा तुकडा पुरे. भात, पोळी, दूध, ब्रेड यांतले काहीच देऊ नये.

पाण्यासाठी उथळ झाकण ठेवावे व पाणी रोज बदलावे. पुष्कळ पिल्लांना साचलेले पाणी दिसत नाही. त्यांच्या नाकावर पाण्याचा एखादा थेंब सोडला तर ती चाटून घेतात. चाटताना डोके वर धरले असेल तर थांबावे. घाई करून तोंडात पाणी ओतू नये.

आजाराची चिन्हे

डोळे खोल जाणे, अंगावर सुरकुत्या पडणे, दोन दिवस काहीच न खाणे, दुर्गंधी येणारी पातळ विष्ठा, तोंडातून फेस किंवा बुडबुडे, थरथरणारे पाय, मऊ जबडा, यांपैकी काहीही दिसले तर प्रथम तापमान तपासावे आणि मग डॉक्टर गाठावा. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या बारीक काट्यावर नव्हे, तर वेगळ्या काट्यावर पिल्लाचे वजन करून वहीत लिहावे. वाढत्या पिल्लाचे वजन एका जागी थांबले, की काहीतरी बिघडले आहे हे इतर चिन्हांच्या आधी कळते. गुरांचे दवाखाने आपल्याकडे आहेत, पण सरडा तपासण्याचा सराव फार थोड्या डॉक्टरांना असतो. महू आणि अकोला येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे किंवा मोठ्या शहरात कोण तपासेल, याची चौकशी पिल्लू आणण्यापूर्वीच करून ठेवावी.

घरातल्या माणसांचे आरोग्य

निरोगी दिसणाऱ्या सरड्याच्या विष्ठेतही साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. माणसाच्या पोटात गेले की ताप, पोटात मुरडा आणि जुलाब होतात. धडधाकट माणूस बहुधा बरा होतो. तान्ह्या मुलाच्या रक्तात किंवा मेंदूपर्यंत हे जंतू गेले तर जिवाला धोका होतो. २०१२ ते २०१४ या काळात अमेरिकेत याच सरड्यांशी संबंधित अशी साथ आली होती आणि आजाऱ्यांत लहान मुले पुष्कळ होती. त्यांतल्या अनेकांनी सरड्याला हात लावला असेलच असे नाही. हात लावणाऱ्या मोठ्यांच्या हातांतून आणि कपड्यांतूनही जंतू बाळापर्यंत पोचतात.

म्हणून पाच वर्षांखालील मूल, गरोदर स्त्री, फार वृद्ध किंवा दुर्बल माणूस घरात असेल तर हा प्राणी आणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. इतरांनीही पिल्लाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. पेटी व भांडी स्वयंपाकघरातल्या मोरीत धुऊ नयेत. पिल्लाचा मुका घेऊ नये.

घेण्यापूर्वी

ऑस्ट्रेलियातून तेथील जंगली सरडे व्यापारासाठी बाहेर पाठवण्यास बंदी आहे. जगात विकली जाणारी पिल्ले पिंजऱ्यात वाढलेल्या सरड्यांचीच असतात किंवा असायला हवीत. भारतात परदेशी प्राणी आणायला सरकारी परवाना लागतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि चौथ्या अनुसूचीतील परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक झाली. म्हणून कोणताही परदेशी प्राणी घेण्यापूर्वी वन खात्याच्या कार्यालयात विचारावे आणि विक्रेत्याकडून पक्की पावती घ्यावी. पावती द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नये. नको झालेला सरडा शेतात किंवा तापीकाठी सोडून देऊ नये. तो उपाशी मरेल, किंवा जगला तर आपल्या प्राण्यांना रोग देईल.

कुंपणावरचा सरडा

हे सर्व वाचून ज्यांना वाटेल की हे आपल्याला जमण्यासारखे नाही, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. मुलांना सरडा दाखवायचा तर तो दारातच आहे. आपली सरड्याची मादी पावसात मऊ झालेल्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि माती सारखी करून निघून जाते. सहा-सात आठवड्यांनी पिल्ले बाहेर येतात. त्यांना दिवा लागत नाही, पूड लागत नाही. मुंग्या आणि बारीक किडे खाऊन ती वाढतात आणि मोठी झाली की बागेतले किडे वेचतात.

या सरड्याला आपली मुले दगड मारतात, कारण तो रक्त शोषतो असे कोणीतरी त्यांना सांगितलेले असते. तो रक्त शोषत नाही आणि तो विषारीही नाही. नराचे डोके व गळा माद्यांच्या हंगामात लाल होतो, एवढेच. त्याला मारू नये, पकडून बाटलीत किंवा पेटीतही ठेवू नये. घोरपडीला तर कायद्याने सर्वांत कडक संरक्षण आहे. तिला पकडणे किंवा मारणे हा गुन्हा आहे.

परसात मेंदीचे कुंपण, एका कोपऱ्यात दगडांचा ढीग आणि जेथे फवारणी होणार नाही अशी थोडी जागा एवढे ठेवले की सरडे आपोआप येतात. मुलाला एक वही द्यावी. सरडा सकाळी किती वाजता उन्हात येतो, केव्हा सावलीत जातो, काय खातो, हे त्याने महिनाभर लिहावे. परदेशी सरडा पाळायचा असला तरी ही वही आधी भरावी. ज्याला ही ये-जा समजली, त्यालाच पेटीतल्या पिल्लाचे दुखणे वेळेवर समजेल.

थोडक्यात लक्षात ठेवावे :

१) पेटी लांब हवी, एक टोक गरम, दुसरे गार, दोन्हीकडे तापमापक.

२) अतिनील ‘ब’ किरणांची नळी हवीच, खिडकीची काच कामाची नाही.

३) किडा दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा नको, कॅल्शियमची पूड रोज.

४) शेतातले नाकतोडे, घरातली झुरळे आणि काजवे कधीही देऊ नयेत.

५) मे महिन्यात गारव्याची आणि पावसाळ्यात कोरडेपणाची काळजी घ्यावी.

६) घरात तान्हे मूल किंवा गरोदर स्त्री असेल तर हा प्राणी आणू नये, इतरांनी प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत.